गाळावरचा पहारा

साग आणि बेहड्याच्या एका जंगलात दोन चितळ भाऊ राहत असत. आता एकच राहतो. मुलांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत लपवून ठेवणे मला जमणार नाही.

थोरल्याचा डावा कान फाटलेला होता. तो फार बोलत नसे. कुणी काही सुचवले की "बरं" म्हणे आणि कामाला लागे. धाकट्याचे उलटे. त्याची आधी उडी, मग विचार. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा थोरल्यानेच धाकट्याला वाढवले. बेहड्यावर वानरे बसत, पाला खात आणि अर्धा खाली टाकत. त्यातला कोवळा पाला थोरला नाकाने धाकट्याकडे सरकवी आणि स्वतः देठ चघळत उभा राही. चितळांचे आणि वानरांचे पूर्वीपासून असेच चालत आले आहे. वानर वरून पाला टाकते, वरूनच वाघ बघते आणि खेकसते. चितळ खाली खाते आणि वेळेवर पळते.

त्यांचा कळप, यंदा होणारे एक पाडस धरून, पंधरा जणांचा. मागच्या उन्हाळ्यात गवताची काडी उरली नव्हती. या दोघांच्या बहिणीचे दूध आटले. तिचे पाडस तीन दिवस तिच्या पोटाशी ढुसण्या देत राहिले आणि चौथ्या दिवशी उठलेच नाही. ती त्याच्याजवळ दोन दिवस उभी होती. यंदा तिला पुन्हा पाडस होणार होते. धाकटा सारखा तिच्याकडे बघत राही.

पाऊस संपून थंडी पडू लागली तशी एके दिवशी धाकटा उठून म्हणाला, "दादा, यंदा आपणच चारा पिकवू."

सगळा कळप हसला. कळपात सगळ्यांत म्हातारी होती ती त्यांची आत्या. ती म्हणाली, "चितळं पिकवायला लागली तर माणसांना चरायला जावं लागेल."

थोरला हसला नाही. "बरं," तो म्हणाला. "पण आपल्याजवळ आहे काय?"

खरेच काय होते? खणायला नखे नाहीत, बी धरायला मूठ नाही. चार खूर आणि पंधरा पोटे, एवढीच सगळी मालमत्ता. पण दोघे भाऊ विचारत फिरले. आधी ते रानडुकराकडे गेले. त्यांना बेहड्याखालची जागा हवी होती, कारण तिथे वर वानरांचा पहारा असे. रानडुकराने मुरमात दोनदा सुळा घातला आणि तोंड वाकडे केले. जमीन दगडासारखी आहे, एवढी खणायची तर उतारावरचे सगळे आवळे आपले, असे त्याने सांगितले. आवळे दिले तर कळपाने थंडीत खायचे काय? ते परवडण्यासारखे नव्हते.

मग धाकट्यालाच ती जागा सापडली. नदीच्या वळणावर पूर ओसरल्यावर गाळाची एक पट्टी उघडी पडली होती. आठ उड्या लांब, पाच उड्या रुंद. काळी, मऊ, ओलसर. माणसेही अशा जागी पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. खणायला नको, पाणी द्यायला नको. तीन बाजूंनी उंच बरूचे गवत उभे होते, त्यामुळे गरम वाराही लागत नव्हता. काठावर अर्जुनाचे एक वाळलेले झाड होते, बाकी पिकावर सावली धरणारे एकही झाड नव्हते.

रानडुक्कर मजा बघायला आलेच होते. ते म्हणाले, "इथं मला कशाला बोलावता? ही जमीन रानकोंबडीसुद्धा नांगरेल."

धाकट्याने आनंदाने उंच उडी मारली आणि चारी पायांवर धप्पकन खाली आला. म्हणजे धप्पकन यायला हवा होता. पाय घोट्यापर्यंत आत गेले आणि आवाजच झाला नाही. त्याने पुन्हा उडी मारली. पुन्हा काही नाही. "दादा, बघ किती मऊ आहे! पडल्याचंसुद्धा कळत नाही," असे म्हणत तो उड्या मारत राहिला. थोरला त्याच्याकडे बघून हसला. मुलांनो, त्या वेळी दोघांनाही त्या जमिनीत काही वावगे दिसले नाही. मला हेच राहून राहून आठवते.

बियाणे त्यांनी फुकटात मिळवले. माळावर रानमूग आणि रानकुळीथ वाळून उभे होते. शेंगा तडकण्याच्या बेतात होत्या. दोघे भाऊ त्यात लोळले. दाणे आणि गवताची कुसळे केसांत अडकली. तसेच चालत ते गाळावर गेले आणि अंग झाडले. असे त्यांनी वीस दिवस केले. थोरल्याच्या पाठीला कुसळांनी फोड आले, तरी तो पहाटे आधी उठून लोळायला जाई. खताला धनगराची युक्ती कामी आली. धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तसा त्यांनी चार मुक्काम सगळा कळप गाळावर बसवला. आत्या कुरकुरली. ओल्यात बसून गुडघे धरले, असे तिने जंगलभर सांगितले. पण बसली.

रोपे वर आली आणि म्हातारा हुप्प्या, म्हणजे वानरांचा पुढारी, बघायला आला. त्याने वाळलेल्या अर्जुनावर चढून चारी बाजूंना नजर टाकली आणि खाली येऊन एक सौदा सांगितला. तुम्ही चरायला याल तेव्हा माझी दोन पोरे या झाडावर बसतील, बदल्यात शेंगा धरल्या की चौथा हिस्सा आमचा.

धाकट्याला ते आवडले नाही. आठ उड्यांचा तुकडा, त्यात पंधरा तोंडे, त्यातून चौथा हिस्सा गेला तर बहिणीच्या वाट्याला काय येणार? शिवाय कष्ट कुणाचे? त्याने तसे बोलूनही दाखवले. "काका, आम्ही वीस दिवस काट्यात लोळलो. तुम्ही नुसते बसणार. शेपटी लोंबकळत ठेवायची मजुरी एवढी?"

हुप्प्या रागावला नाही. त्याने पायाला लागलेला गाळ निवांतपणे पुसला. "हिरवं दिसलं की चितळ येतं," तो म्हणाला. "आणि चितळ रोज एकाच जागी यायला लागलं की मागून कोण येतं, ते तुला माहीत आहे. आमचं काय, आम्ही वर असतो. खाली तुम्ही असता."

तो गेल्यावर थोरला थोडा वेळ बरूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी उभा राहतो पहाऱ्याला. मला काही द्यायला नको."

धाकट्याला हायसे वाटले. पहारा झाला आणि हिस्साही वाचला. फुकटात. मुलांनो, त्याला हे फुकट वाटले.

आता चितळांची एक रीत तुम्हाला माहीत असायला हवी. चितळाला काही संशय आला, तर ते पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटते. टक्. तेवढ्याने सगळे माना वर करतात आणि बघतात. पुन्हा टक् झाले तर पाडसे आईजवळ येतात. आणि खात्रीच झाली, डोळ्यांनी वाघ दिसला, तरच हाक मारायची. हाक ऐकल्यावर कुणी बघत बसत नाही. सगळे पळतात, मिळेल त्या वाटेने. म्हणून हाक जपून मारायची असते. उगाच मारली तर पाडसे चुकतात, पाय मोडतात.

रोपे बोटभर झाली तेव्हा कळप पहिल्यांदा ती बघायला आला. खायचे नव्हते, फक्त बघायचे होते. थोरला बरूच्या कडेला उभा राहिला. एकाएकी गवत हलले, काहीतरी लांब आणि पट्ट्यापट्ट्यांचे सरकताना दिसले आणि थोरल्याने हाक मारली. एकच गोंधळ उडाला. सगळे रोपांवरूनच धावत सुटले. आणि बरूतून पिसारा ओढत मोर बाहेर आला. आपल्यासाठी एवढी धावपळ झालेली बघून तो बराच खूश झाला.

गाळाचा तिसरा हिस्सा तुडवला गेला होता. धाकट्याने ते बघितले आणि त्याचे डोके फिरले. सगळ्या कळपासमोर तो थोरल्याला बोलला.

"मोराला भ्यालास, दादा? वीस दिवसांचं काम एका हाकेत मातीत घातलंस. पुन्हा खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. संशय आला तर पाय आपट. आम्ही बहिरे नाही."

कुणी थोरल्याची बाजू घेतली नाही. रीत तशीच होती ना. काही जण हसलेही. दुसऱ्या दिवसापासून तरुण नर त्याला "मोरमारे" म्हणू लागले. थोरल्याने फाटका कान हलवला आणि म्हणाला, "बरं."

दुसऱ्या पहाटे तो एकटाच माळावर जाऊन उरल्यासुरल्या शेंगांत लोळला आणि तुडवलेल्या जागी अंग झाडून आला. आठ दिवस तो तेच करत होता. पंधरवड्यात तिथे पुन्हा हिरवे दिसू लागले. आधीपेक्षा दाट.

चैत्र आला. जंगल वाळून कडकडीत झाले. साग उघडे पडले, पाणवठे आटले, आणि नदीच्या वळणावर मात्र हिरवागार तुकडा उभा होता. बहिणीला पाडस झाले होते. कळपाने चरायला सुरुवात केली त्या संध्याकाळी आत्यासुद्धा काही बोलली नाही, कारण तिचे तोंड भरलेले होते. तिसऱ्या दिवशी बहिणीला दूध उतरले. पाडस पिऊन पिऊन तोंडाला फेस आणी आणि मग वेड्यासारखे गोल गोल पळे. त्या मऊ गाळावर ते कितीदा पडले, पण त्याला लागले नाही आणि आवाजही झाला नाही. धाकटा ते बघत राही. त्याला वाटे, आपण जिंकलो.

थोरला रोज बरूच्या कडेला उभा असे. आधी पोरांना खाऊ दे, म्हणे. सगळ्यांचे झाल्यावर जे उरे ते तो खाई, आणि उरत फार नसे. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. धाकट्याने त्या बघितल्या होत्या. उद्यापासून आळीपाळीने पहारा करू, असे तो दोनदा म्हणालाही. पण तो उद्या आला नाही.

सहाव्या संध्याकाळी ऊन अजून काठावर होते. चौदा माना खाली होत्या. धाकट्याने तोंड न उचलता चेष्टेने हाक दिली, "या मोरमारे, या. नाहीतर आज देठसुद्धा उरायचे नाहीत."

उत्तर आले नाही. थोरला तसा बोलतच नसे, म्हणून धाकट्याने वर बघितले नाही. तो खात राहिला. रानमूग कोवळा होता. शेंगांनी नुकता गोडवा धरला होता.

मग हाक आली. एकच. अर्धी.

चौदा जण उडाले. धाकटा सगळ्यांत पुढे होता. पाण्यातून, दगडांवरून, समोरच्या कडक काठावर जाऊन ते थांबले तेव्हा त्यांच्या खुरांचा खडखडाट सगळ्या खोऱ्यात घुमला. धाकट्याने धापा टाकत सगळ्यांना बघितले. बहीण होती. पाडस होते. आत्या होती. चौदा होते. त्याने पुन्हा मोजले. चौदाच.

"दादा मागून येतो नेहमी," तो म्हणाला. "शेवटून येतो तो."

आत्याने मान वळवली. पलीकडे बरूचे गवत लांबवर एका ओळीत हलत गेले, काहीतरी जड ओढत नेताना हलते तसे, आणि मग थांबले. धाकटा ते बघत होता आणि तरी म्हणत होता, की मोर असेल. मागच्या वेळी मोरच होता. तो वाट बघत उभा राहिला. सगळे निघाले तरी उभा राहिला. त्याला रडू आले नाही. त्याला काहीच आले नाही. पायाखालचा दगड हलत असल्यासारखे त्याला वाटत होते आणि दगड तर हलत नव्हता.

सकाळी तो गाळावर गेला. आत्या त्याच्यामागून लंगडत गेली. जिथे थोरला उभा राहत असे ती जागा सोपी सापडली. बाकी सगळीकडे गाळावर खुरांचे साधे ठसे होते. तिथे मात्र एक खड्डा होता. घोट्याहून खोल, मळलेल्या कणकेसारखा. त्यात खालचे पाणी झिरपून साठले होते. एकाच पायाचा ठसा, त्यावर ठसा, त्यावर ठसा. धाकट्याला कळेना की हे काय आहे. वाघाने उकरले असेल का, असे त्याने आत्याला विचारले.

आत्या खड्ड्याकडे बघत म्हणाली, "तो पाय आपटत होता."

धाकट्याने आपला पुढचा पाय उचलला आणि खड्ड्याशेजारी आपटला. आवाज नाही. पुन्हा जोराने आपटला. पाय आत गेला, चिखल उडाला, आवाज नाही. तो धावत काठावर गेला आणि तिथे आपटला. टक्. तो पुन्हा गाळावर आला. काही नाही. पुन्हा काठावर. टक्. असे तो किती वेळ करत होता कोण जाणे. शेवटी आत्या त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली.

मग तो जिथे खात होता तिथून खड्ड्यापर्यंत चालत गेला. अकरा पावले. अकरा पावलांवर भाऊ पाय आपटत होता. दहा वेळा, वीस वेळा, कोण जाणे किती वेळा. गवतात काहीतरी होते आणि खात्री होत नव्हती. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही असे त्याला सांगितले होते. तो "बरं" म्हणाला होता. आणि खात्री झाली ती वाघाने उडी घेतल्यावर. तेवढ्यातही त्याने हाक मारली. तिच्यावर चौदा जण जगले.

"आत्या, आम्ही बहिरे नाही असं मी म्हणालो होतो," धाकटा म्हणाला.

आत्याने त्याची मान चाटली. "त्यानं सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "जमिनीनं पोचवलं नाही."

त्या दिवशी धाकटा बेहड्याखाली गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. हुप्प्याने वरून त्याच्याकडे बघितले. मग एक कोवळी डहाळी त्याने मोडली आणि खाली टाकली. धाकट्याने चौथा हिस्सा देऊ केला. हुप्प्याने मागितला होता तेवढाच घेतला, एक शेंग जास्त नाही की कमी नाही. त्या संध्याकाळपासून वाळलेल्या अर्जुनावर दोन वानरे बसू लागली. चौथा हिस्सा देऊनही बहिणीचे दूध आटले नाही. मुलांनो, पुरले असते. पहिल्यापासून पुरले असते.

रानडुकराने नदीतला एक सपाट दगड ढकलत आणला आणि बरूच्या कडेला गाळात बसवला. मजुरी विचारली तर ते दुसरीकडे बघत राहिले. आता धाकटा त्या दगडावर उभा राहतो आणि सगळ्यांच्या शेवटी खातो. कधी ससा निघाला तरी तो हाक मारतो. कळप पळतो, थोडे तुडवले जाते, पाडसे हसतात. मोरमारे हे नाव आता त्याला पडले आहे आणि ते कुणी दुसऱ्याला दिलेले त्याला खपत नाही.

आणि काहीच नसतानाही तो मधूनच दगडावर पाय आपटतो. टक्. बाकीच्या तेराही माना वर होतात. बहिणीच्या पाडसाने एकदा त्याला विचारले, "मामा, काही नाही तर पाय कशाला आपटता?"

"ऐकू येतं का ते बघतो," धाकटा म्हणाला.

तात्पर्य : आपल्यासाठी जो पहारा देतो, त्याला चुकीची हाक मारण्याचीही मुभा द्यावी. खोट्या हाकेने तुडवलेले पुन्हा उगवते.